डीव्हीडीवरच्या २५ फ्रेम आल्या कुठून?

अमेरिकेत झालेल्या नातवाच्या बारशाची फाईल नाशिकला आजीच्या टीव्हीवर लावायची म्हणून डीव्हीडी केली, तर पाळणा हलताना चित्र अडखळतं आणि पाळणा म्हणणाऱ्या बायकांचे ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे. अशा तक्रारी मी स्टुडिओत अनेक वर्षं ऐकल्या. लोकांना वाटतं डिस्क खराब निघाली. पण या अडखळण्याचं मूळ शोधायचं तर डीव्हीडीच्या साठ वर्षं मागे जावं लागतं.

आपल्या घरात येणारा करंट सेकंदाला ५० आवर्तनं घेतो. वीज एकलहऱ्याची असो की कोयनेची, हा आकडा बदलत नाही. अमेरिकेत तो ६० आहे. टीव्ही नवा होता तेव्हा विजेच्या लहरीचे आडवे पट्टे पडद्यावर सरकताना दिसू नयेत म्हणून चित्राचा वेग विजेशी बांधून घेतला गेला. ब्रिटनमध्ये १९३६ साली बीबीसीचं नियमित प्रक्षेपण सुरू झालं ते सेकंदाला २५ फ्रेमच्या, म्हणजे २५ स्थिर चित्रांच्या, हिशोबानं. अमेरिकेनं ३० धरल्या. प्रत्येक फ्रेम दोन हप्त्यांत दाखवली जाई. आधी एकाआड एक रेघा, मग राहिलेल्या. या अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात. म्हणजे इकडे सेकंदाला ५० फील्ड, तिकडे ६०.

अमेरिकेचा सरळ ३० हा आकडा रंगांनी बिघडवला. १९५३ साली तिथं एनटीएससी रंगीत पद्धत मंजूर झाली. रंगाचा सिग्नल जुन्या काळ्यापांढऱ्या संचांच्या जागेतच बसवायचा होता, आणि रंगाची लहर आवाजाच्या लहरीशी भिडली की चित्रात जाळी उमटे. उपाय म्हणून वेग हजारात एकानं उतरवला आणि २९.९७ हा विचित्र आकडा जन्माला आला. फरक किरकोळ वाटतो, पण तासाभराच्या चित्रीकरणात कुणी २९.९७ ला ३० समजून काम केलं तर चित्र आणि आवाज ३.६ सेकंदांनी फारकत घेतात. जर्मनीत टेलिफुंकेन कंपनीतल्या वॉल्टर ब्रुख यांनी बसवलेल्या पाल पद्धतीत ही भानगड नव्हती. तिथं २५ म्हणजे २५च. भारतात १९८२ च्या आशियाई खेळांच्या वर्षी दूरदर्शन रंगीत झालं ते पालमध्ये.

सिनेमाचा हिशोब आणखी वेगळा, आणि त्यात नाशिककराला जास्त जिव्हाळा वाटावा असं काही आहे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके १९१३ साली आपला कारभार नाशिकला घेऊन आले. त्या काळातला कॅमेरा हातानं फिरवायचा. सेकंदाला किती फ्रेम पडतील हे फिरवणाऱ्याच्या मनगटावर ठरे. साधारण सोळा ते वीस. बोलपट आले तेव्हा हाताचा वेग चालेना, कारण डोळा थोडी उणीव पोटात घालतो, कान घालत नाही. म्हणून २४ हा आकडा पक्का झाला. मूकपटातली माणसं तुरुतुरु पळताना दिसतात ती याचमुळे: सोळाच्या वेगानं घेतलेलं चित्र चोवीसनं दाखवलं की सगळं दीडपट वेगानं घडतं. ते कलावंत तसे चालत नव्हते. जुन्या पट्ट्यांचं रूपांतर करणाऱ्यानं हे विसरता कामा नये असं मला फार मनापासून वाटतं.

डिस्कचा काळ आला तोवर हे सगळे वेग कायम झाले होते. १९९३ च्या व्हीसीडीत, म्हणजे सिनेमाच्या सीडीत, आपल्याकडे ३५२ बाय २८८ चं चित्र २५ फ्रेमनं, अमेरिकेत ३५२ बाय २४० चं सुमारे ३० नं. गुणाकार करून पाहा: दोन्हीकडे सेकंदाला २५,३४,४०० ठिपके. आपल्याला रेघा जास्त मिळाल्या, त्यांना हालचाल जास्त मिळाली. १९९६ च्या नोव्हेंबरात जपानमध्ये डीव्हीडी प्लेअर विक्रीला आले, त्यातही हीच वाटणी: ७२० बाय ५७६ पाल, ७२० बाय ४८० एनटीएससी.

त्याच सुमारास फाईली आकसू लागल्या. घरगुती व्हिडिओ कॅमेऱ्यातल्या छोट्या मिनी डीव्ही कॅसेटवरचं एक तासाचं लग्न कॉम्प्युटरवर उतरवलं की सुमारे १३ जीबी होई. डिवएक्स आणि मग एक्सविड या व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या पद्धती आल्यावर दोन तासांचा सिनेमा ७०० एमबीच्या एका सीडीत मावू लागला. मात्र घरातल्या साध्या डीव्हीडी प्लेअरला ती एव्हीआय फाईल कळत नसे. त्याला डीव्हीडीची ठरलेली एमपेग-२ पद्धतच हवी. इथून रूपांतराचं काम सुरू झालं. ७०० एमबीची फाईल डीव्हीडीवर चार जीबीची होते तेव्हा गिऱ्हाइकाला वाटतं क्वालिटी वाढली. वाढत नाही. दाबताना गेलेलं गेलंच, उलट दुसऱ्यांदा दाबताना आणखी थोडं जातं.

खरी परीक्षा फ्रेम रेटची. २४ चा सिनेमा पालवर नेताना सोपी वाट म्हणजे तो थोडा पळवायचा. दोन तासांचा सिनेमा ११५ मिनिटं १२ सेकंदांत संपतो. चित्र एकदम गुळगुळीत, पण आवाजाची पट्टी अर्ध्या स्वराच्या जवळजवळ पाऊणपट चढते. गाणं जाणणाऱ्याला ते लगेच खटकतं, म्हणून आवाज वेगळा काढून पट्टी खाली आणावी लागते. एनटीएससीवर नेताना दर चार फ्रेमचे दहा फील्ड करतात, एकाचे दोन, पुढच्याचे तीन असे. वेळ तीच राहते, फक्त कॅमेरा आडवा फिरताना बारीकसा हिसका जाणवतो.

फील्डचा क्रम हीसुद्धा दुखरी जागा. मिनी डीव्हीत खालचं फील्ड आधी येतं. सॉफ्टवेअरला ते वरचं आधी आहे असं सांगितलं की वरातीतला घोडा दर पावलाला मागेपुढे थरथरतो. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर हे बहुधा दिसतच नाही. जुन्या डबा टीव्हीवर लावलं की दिसतं. म्हणून डीव्हीडी हातात देण्याआधी मी ती टीव्हीवर लावून बघत असे.

आवाजाचेही नियम आहेत. सीडी ४४.१ किलोहर्ट्झची, म्हणजे आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने. डीव्हीडीला ४८ किलोहर्ट्झ लागतात. शिवाय एव्हीआयमधला एमपी३ बदलत्या बिटरेटचा, म्हणजे सेकंदागणिक कमीजास्त माहिती भरलेला, असेल तर आवाज हळूहळू सरकतो, म्हणून आधी तो साध्या वेव्ह फाईलमध्ये उलगडून घेतलेला बरा.

२००३ च्या सिंहस्थाच्या वेळी घरगुती चित्रण कॅसेटवर होत असे, वेग पक्का २५. २०१५ च्या सिंहस्थात रामकुंडावर हजारो हात मोबाईल उंचावून उभे होते. मोबाईल अंधारात उजेड कमी पडला की स्वतःच फ्रेम कमी करतो. एकाच फाईलमध्ये वेग कधी ३०, कधी बराच खाली. अशी फाईल थेट डीव्हीडीच्या सॉफ्टवेअरला दिली तर आवाज हमखास सुटतो. आधी तिचा वेग एकसारखा करून घ्यायचा, पुढचं नंतर.

आणि ते बारसं? २९.९७ ची फाईल पालच्या २५ मध्ये कोंबताना दर सहा फ्रेममागे एक फेकली जाते, सेकंदाला पाच ठेचा. पाळणा अडखळत होता तो त्यामुळे. आपल्याकडचे बहुतेक डीव्हीडी प्लेअर एनटीएससीही चालवतात. म्हणून अशी फाईल पालमध्ये आणायचीच नाही. मुळातला वेग तसाच ठेवून एनटीएससी डीव्हीडी करायची. आजीच्या टीव्हीवर पाळणा मग एका लयीत हलतो, आणि बायकांचे ओठ सुरावर येतात.