आशाताईंच्या आधीचं जामखेड

गावातल्याच बाईला आरोग्यसेविका नेमणारी आशा योजना आली 2005 साली, राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर. गावातल्याच बाईने गावाला आरोग्य शिकवायचं ही कल्पना मात्र त्याहून खूप जुनी. तिचं एक मूळ आपल्याकडेच, नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या जामखेडमध्ये आहे.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरला शिकलेलं जोडपं. आधी नगर जिल्ह्यातल्याच वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात त्यांनी काम केलं. बरे होऊन गेलेले रोगी तोच आजार घेऊन पुन्हा दारात येत. दवाखान्यात बसून हे थांबणार नाही हे ओळखून दोघे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले आणि 1970 मध्ये जामखेडला आले. पाठोपाठ 1972चा दुष्काळ. लोक आधी पाणी आणि अन्न मागत होते, म्हणून आरोग्याचं काम बोअरवेल आणि मुलांच्या जेवणापासून सुरू झालं.

पहिला बेत प्रशिक्षित नर्स खेड्यात ठेवण्याचा होता. तो फसला. शिकलेली, परगावची मुलगी एकटी गावात रमेना, आणि तिचं बोलणं गावातल्या बायकांना आपलं वाटेना. मग गावानेच आपली बाई निवडायची असं ठरलं. निवडलेल्यांत बऱ्याच जणी दलित, निरक्षर, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, मुक्काम करत. गावात कोण आजारी पडलं, कोणी ऐकलं, कोणी हाकलून लावलं हे आधी सांगायचं, मग नवा धडा. जुलाब झालेल्या बाळाला मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं, गरोदर बाईत धोक्याची खूण कोणती, कुष्ठरोगाचा चट्टा कसा ओळखायचा. रात्री सगळ्या जातींच्या बायका एका मोठ्या गोधडीखाली झोपत. एरवी त्या एकमेकींच्या हातचं पाणी प्यायल्या नसत्या. माझ्या मते अर्धं शिक्षण तिथेच होत होतं.

1975 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातल्या अशा प्रयोगांचं पुस्तक काढलं, त्यात जामखेड होतं. 1978च्या अल्मा-आटा इथल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेचा जो विचार मांडला गेला, त्यामागे या प्रयोगांचा अनुभव होता. आरोळे दांपत्याला 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

दरम्यान 1977 मध्ये केंद्र सरकारनेही गावोगाव आरोग्यरक्षक नेमले. तीन महिन्यांचं प्रशिक्षण, महिना 50 रुपये, आणि नेमणूक बहुतेक पुरुषांची! बाळंतिणीशी ते काय बोलणार? योजनेची नावं बदलत गेली आणि ती विरून गेली.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग (तेही हॉपकिन्सचेच) यांनी 1986 मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. आरोग्यदूत बायकांना त्यांनी घरी जाऊन नवजात बाळ सांभाळायला, जंतुसंसर्ग ओळखायला शिकवलं. नवजात मृत्यू निम्म्याहून खाली आले, आणि तो अभ्यास 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापला. 2011 पासून देशभर आशांच्या कामात अशा गृहभेटी आल्या.

आशांना सुरुवातीचं प्रशिक्षण ठरलं 23 दिवसांचं, टप्प्याटप्प्याने. सरकारने जामखेडची ‘गावातली बाई’ ही कल्पना घेतली. दर आठवड्याची शाळा आणि मुक्काम मात्र घेतला नाही. मोबदला कामागणिक ठेवला, त्यामुळे शिकवण्यापेक्षा नोंदींना वजन आलं. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. 2024च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या आशा मानधनासाठी आझाद मैदानावर बसल्या होत्या. सरकारदरबारी त्या अजूनही ‘स्वयंसेविका’च आहेत.