बंदुकीच्या आधी काय दाखवलं?

समजा, एका फिल्ममध्ये हरभऱ्याच्या धुऱ्यावर मचान आहे. जागलीला बसलेल्या म्हाताऱ्याच्या मांडीवर ठासणीची बंदूक आहे. आता या दृश्याच्या आधी रानडुकरांनी रातोरात उकरून टाकलेलं वावर दाखवा, म्हणजे म्हातारा राखणदार वाटतो. त्याजागी कळपामागे धावणारं रोह्याचं (नीलगाईचं) पिल्लू दाखवा, तोच म्हातारा शिकारी वाटू लागतो. त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हललेली नसते.

याला कुलेशॉव परिणाम म्हणतात. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव यांनी सुमारे शंभर वर्षांपूर्वी एका नटाचा निर्विकार चेहरा वेगवेगळ्या दृश्यांना जोडला. सूपची वाटी पाहून प्रेक्षकांना तो भुकेला वाटला, शवपेटी पाहून दुःखी वाटला, असं सांगतात. ती मूळ फिल्म आज उपलब्ध नाही. पण २००६ मध्ये संशोधकांनी लोकांचे मेंदू स्कॅन करत हाच प्रकार तपासला, तेव्हा तटस्थ चेहऱ्यांचा अर्थ लोक सोबतच्या दृश्यावरून लावतात, असंच दिसलं.

बंदुकीवरच्या माहितीपटांत या परिणामाचं ठळक उदाहरण म्हणजे मायकेल मूर यांचा 'बोलिंग फॉर कोलंबाईन' (२००२). अमेरिकेतल्या कोलंबाईन शाळेत २० एप्रिल १९९९ ला गोळीबार झाला. चित्रपटात त्या शाळेच्या सुरक्षा कॅमेऱ्याची दृश्यं येतात, रडणारी मुलं येतात आणि लगेच अमेरिकेतल्या बंदूकधारकांच्या संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष, अभिनेते चार्लटन हेस्टन हातातली बंदूक उंचावताना दिसतात. पाहणाऱ्याला वाटतं, मुलांचं रक्त वाळायच्या आत हा माणूस गर्जतोय. प्रत्यक्षात बंदूक उंचावल्याचं ते दृश्य साधारण वर्षभरानंतरचं, दुसऱ्या शहरातल्या सभेचं आहे. गोळीबारानंतर काही दिवसांतच शाळेजवळच्या डेन्व्हर शहरात संघटनेची सभा झाली होती हे खरं, पण बंदूक उंचावल्याचं दृश्य त्या सभेतलं नाही. चित्रपटाला ऑस्कर मिळालं. बंदुकांबद्दलची मूर यांची कळकळ मला पटते, हा जोड मात्र पटत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या डोळ्यांची. १९८७ च्या एका प्रयोगात लोकांना हॉटेलच्या काउंटरवर आलेला माणूस दाखवला. एका मालिकेत त्याच्या हातात चेक होता, दुसरीत पिस्तूल. पिस्तुलावर नजर जास्त वेळा गेली, जास्त वेळ खिळली आणि माणसाचा चेहरा नीट लक्षात राहिला नाही. म्हणजे नळी जवळून दाखवली की ती धरणारा माणूस मागे पडतो. खालून घेतलेला शॉट, पार्श्वभूमीला घुमणारा बार, ही भर वेगळी.

यवतमाळ असो की गडचिरोली, गावातल्या बंदुकीवर फिल्म करणाऱ्याने म्हणूनच आधी तिचे कागद पाहावेत. पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद १९५९ च्या शस्त्र कायद्यातच आहे. पण तो परवाना खिशात असला, तरी रानडुक्कर मारायला वन विभागाची परवानगी वेगळी लागते. ती न घेता बार काढला, तर राखण करणाराच आरोपी होतो. हे दोन कागद दाखवायचे झाले तर कॅमेऱ्याला बंदुकीवरून हलावं लागतं. मचानावरून खाली उतरून घरात, कपाटाशी आणि तिथून वन विभागाच्या कचेरीत जावं लागतं. तिथे थरार नाही. मात्र त्या म्हाताऱ्याचा खरा पेच तिथेच सापडतो: समोर उभं पीक, हातात कायदेशीर बंदूक आणि तरीही बार काढता येत नाही.