हरवून परत आलेला कोलन

फ्लेक्स म्हणजे फ्लॅश या ब्राउझरला जोडायच्या प्लगइनवर चालणारी ॲप्लिकेशन बांधायचं साधन. त्यावर चार-पाच वर्षं काढलेल्या माणसासमोर टाइपस्क्रिप्टची, म्हणजे टाइप लिहायची सोय असलेल्या जावास्क्रिप्टची, फाइल पहिल्यांदा उघडून ठेवा. व्हेरिएबलचं नाव, पुढे कोलन (:), पुढे स्ट्रिंग किंवा नंबर, म्हणजे आत काय साठवायचं त्याचा प्रकार, टाइप. क्लास, त्यात प्रायव्हेट-पब्लिक. फंक्शनचा कंस संपला की पुन्हा कोलन आणि परत काय येणार त्याचा टाइप. तो म्हणेल, ही तर आमच्या फ्लेक्सची भाषा, ॲक्शनस्क्रिप्ट ३ आहे! बारकाव्यात गेलं तर चूक, पण ढोबळमानाने त्याचं बरोबर आहे. २००६ मध्ये ब्राउझरमध्ये राजरोस चालणारी ही लेखनपद्धत पुढे मोडीत निघाली आणि २०१२ मध्ये दुसऱ्याच दाराने परत आली. मधे काय घडलं ते आज फ्रंटएंड शिकणाऱ्यांना सहसा कोणी सांगत नाही. त्यांना आयफोनने फ्लॅश कसा मारला ते सांगितलं जातं. तेही खरंच आहे, पण तो शेवटचा अंक झाला.

फ्लेक्सवर बांधलेल्या ॲप्लिकेशनला तेव्हा ‘रिच’ म्हणायचे. त्या शब्दाचा गुंता आधी सोडवू. ‘रिच इंटरनेट ॲप्लिकेशन’ (आरआयए) हे नाव मार्च २००२ मध्ये फ्लॅशच्या तेव्हाच्या मालक कंपनीने एका श्वेतपत्रिकेत वापरलं आणि तिथून ते रुळलं. त्याआधी डेस्कटॉपवर चालणाऱ्या जडशीळ प्रोग्रामला ‘फॅट क्लायंट’ म्हणायचे आणि ब्राउझरमधल्या पानाला ‘थिन’. जाड्याला जाड्या म्हणून विकता येत नाही, म्हणून तो श्रीमंत झाला. त्या श्वेतपत्रिकेचं म्हणणं मात्र रास्त होतं. दर क्लिकला अख्खं पान नव्याने आणायचं, फॉर्ममध्ये एक चूक झाली की सगळं परत भरायचं, याला ॲप्लिकेशन म्हणत नाहीत. उपाय कोणता, तर आमचा प्लगइन. पुढे ज्याने त्याने हा शब्द आपल्या मालाला चिकटवला. सिल्व्हरलाइट रिच, जावाएफएक्स रिच, ओपनलॅझ्लो रिच. निव्वळ जावास्क्रिप्टवाल्यांनीही तो घेतला. २००८ च्या सुमारास नोकरीच्या जाहिरातीत ‘आरआयए डेव्हलपर’ लिहिलं असलं, तर फोन करून विचारावं लागायचं, म्हणजे नक्की काय?

ॲपलेटचा, म्हणजे पानात चालणाऱ्या जावाच्या छोट्या प्रोग्रामचा, काळ मी सोडून देतो. राखाडी चौकोन आणि त्यात ‘लोडिंग’, याहून जास्त त्यातलं कोणाला आठवत असेल असं वाटत नाही. १९९९ मधली एक गोष्ट मात्र पुढे महागात पडली, किंवा स्वस्तात पडली म्हणा. त्या वर्षीच्या मार्चमध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर ५ आलं आणि त्याच्यासोबत पान न बदलता सर्व्हरशी बोलणारं एक ऑब्जेक्ट आलं. त्याची गरज होती ब्राउझरमधून मेल वाचण्याच्या एका उत्पादनाला. एक्सएमएल या टॅगच्या भाषेतला मजकूर हाताळणाऱ्या, ब्राउझरसोबत जाणाऱ्या लायब्ररीत ते बसवणं सोयीचं होतं, म्हणून त्याच्या नावात एक्सएमएल आलं. एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट या लांबलचक नावाचं एवढंच कारण. पुढची पाच वर्षं बहुतेकांना त्याचा पत्ताच नव्हता. एप्रिल २००४ मध्ये जीमेल आलं, फेब्रुवारी २००५ मध्ये त्याच कंपनीचे नकाशे आले, आणि त्याच महिन्यात एका सल्लागाराने या तंत्राला ‘एजॅक्स’ असं चार अक्षरी इंग्रजी नाव दिलं. प्रोटोटाइप, डोजो, जेक्वेरी, वाययूआय, जीडब्ल्यूटी, एक्स्ट जेएस ही जावास्क्रिप्ट लिहिणं सोपं करणाऱ्या साधनांची सगळी रांग त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतली.

याच काळात दुसऱ्या रस्त्यावर फ्लेक्स होतं. मार्च २००४ मधली पहिली आवृत्ती सर्व्हरवर चालायची आणि तिच्या परवान्याला हजारो डॉलर पडायचे, त्यामुळे ती मोठ्या कंपन्यांच्या बाहेर फारशी गेली नाही. खरं फ्लेक्स म्हणजे जून २००६ चं फ्लेक्स २. फ्लॅश प्लेअर ९ मध्ये जुन्या व्हर्च्युअल मशीनशेजारी, म्हणजे कोड चालवणाऱ्या इंजिनाशेजारी, दुसरं, कोरं मशीन बसवलं गेलं. त्याच्यासाठी ॲक्शनस्क्रिप्ट ३ आली आणि एसडीके, म्हणजे बांधणीची हत्यारं, फुकट झाली. काम करण्याची पद्धत अशी: स्क्रीनचा सांगाडा एमएक्सएमएल या फ्लेक्सच्या टॅगच्या भाषेत लिहायचा, लेबलच्या मजकुरात महिरपी कंस टाकून आत व्हेरिएबलचं नाव द्यायचं, आणि त्या व्हेरिएबलच्या डोक्यावर चौकटी कंसात ‘बाइंडेबल’ लिहायचं. व्हेरिएबल बदलला की लेबल आपोआप बदलायचं. दहा हजार ओळींचा तक्ता असला तरी डोळ्यांसमोर दिसतात तेवढ्याच ओळींचे कंपोनंट तयार व्हायचे आणि स्क्रोल केलं की तेच पुन्हा वापरले जायचे. आज यातल्या प्रत्येक गोष्टीवर स्वतंत्र लायब्ररी आहे आणि तिची ओळख नवा शोध म्हणून करून दिली जाते.

खोटही मोठी होती. सगळं ॲप्लिकेशन एसडब्ल्यूएफ नावाच्या फ्लॅशच्या एकाच फाइलमध्ये असल्यामुळे ब्राउझरचं बॅक बटण दाबलं की माणूस सहसा ॲप्लिकेशनच्या बाहेर जायचा. कंट्रोल-एफ दाबून शोधायला पानात काहीच नसायचं. उजवं क्लिक केलं की फ्लॅशचाच मेनू.

आपल्या लिपीची फजिती वेगळीच. फाँट एसडब्ल्यूएफमध्ये एम्बेड केला की जुनी मजकूर-चौकट एकेका युनिकोड अक्षरासाठी एकेक आकृती काढून ओळीने मांडायची. देवनागरीत असं चालत नाही. ऱ्हस्व इकार साठवताना व्यंजनानंतर येतो आणि दाखवताना आधी, आणि जोडाक्षराची आकृती वेगळीच असते. ‘स्थिती’ हा शब्द टाकला की पाय मोडलेला स, सुटा थ आणि चुकीच्या बाजूला लोंबणारी वेलांटी असं काहीतरी दिसायचं. प्लेअर १० मध्ये, म्हणजे ऑक्टोबर २००८ मध्ये, नवं मजकूर-इंजिन आलं. ते फ्लेक्सच्या कंपोनंटपर्यंत नीट पोहोचायला २०१० चं फ्लेक्स ४ उजाडलं. साध्या एचटीएमएलच्या पानात हाच शब्द विंडोज एक्सपीवर कधीचा नीट उमटत होता. मराठीपुरतं बोलायचं, तर श्रीमंत कोण आणि गरीब कोण, हे उलटंच होतं.

आता मुख्य भानगड. ॲक्शनस्क्रिप्ट ३ ही एका कंपनीने मनाने काढलेली भाषा नव्हती. जावास्क्रिप्टचं प्रमाण ठरवणाऱ्या समितीत तेव्हा चौथ्या आवृत्तीचा, म्हणजे ईएस४ चा, मसुदा चालू होता. तिसरी आवृत्ती डिसेंबर १९९९ ची. चौथीचा पहिला प्रयत्न २००३ मध्ये बारगळला आणि नंतर पुन्हा हाती घेतला गेला. क्लास, कोड आणि नावं वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवायचे पॅकेज आणि नेमस्पेस, कोलन देऊन लिहायचे टाइप, हे सगळं त्या मसुद्यात होतं. ॲक्शनस्क्रिप्ट ३ त्या मसुद्याकडे बघत बांधली गेली, प्रमाण ठरायच्या आधीच. नोव्हेंबर २००६ मध्ये तिचं व्हर्च्युअल मशीन ‘टॅमरिन’ या नावाने फायरफॉक्सवाल्यांना मुक्त स्रोत म्हणून देण्यात आलं. हिशोब सरळ होता. आज फ्लॅशमध्ये जी भाषा आहे तीच उद्या ब्राउझरमध्ये येणार, तेच इंजिन येणार, आणि मग प्लगइन राहिला काय नि गेला काय, लिहिलेला कोड आणि शिकलेली विद्या वाया जाणार नाही. आमच्यासारखे पुष्कळजण फ्लेक्सकडे वळले ते या भरवशावर. ‘उद्याची जावास्क्रिप्ट आज शिका’ हे तेव्हा चेष्टेने कोणी म्हणत नव्हतं.

समितीत मात्र दोन तट पडले. एका गटाला भाषा मोठी करायची होती. मोठे प्रोग्राम लिहायचे तर टाइप आणि पॅकेज हवेत, आणि टाइप असले की कोड वेगात चालतो, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या गटाचं म्हणणं, आहे त्या भाषेतल्या चुका दुरुस्त करा, थोडी भर घाला, त्याला ३.१ म्हणा आणि थांबा. नव्या भाषेने चालू वेब मोडेल आणि एवढा बोजा कोणी पेलणार नाही. २००७ च्या शरद ऋतूत हे भांडण चव्हाट्यावर आलं. ‘छोटी भर’वाल्यांत सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या ब्राउझरची कंपनी, मायक्रोसॉफ्ट, होती, आणि तिने त्याच सप्टेंबरमध्ये फ्लॅशच्या स्पर्धेत सिल्व्हरलाइट १.० बाजारात आणलं होतं. वेबची भाषा खुरटलेली राहिली तर फायदा कोणाचा, हा प्रश्न तेव्हा उघडपणे विचारला गेला. कंपनीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी तो आरोप फेटाळला. गंमत म्हणजे याच कंपनीने काही वर्षांपूर्वी ईएस४ च्या पहिल्या मसुद्यावर आपली जेस्क्रिप्ट डॉट नेट काढली होती, कोलनसकट.

जुलै २००८ मध्ये ऑस्लोला बैठक झाली आणि १३ ऑगस्टला तडजोड जाहीर झाली. तिचं नाव ‘हार्मनी’. सगळे मिळून आधी ३.१ पुरं करणार. पॅकेज, नेमस्पेस आणि अर्ली बाइंडिंग (कोणतं नाव कशाचं, हे कोड चालण्याआधीच पक्कं करणं) वेबसाठी योग्य नाहीत, ते कायमचे बाद. क्लासचा विचार नंतर करू, पण जुन्या भाषेवर चढवलेला मुलामा म्हणून. ३.१ ला पुढे पाचवी आवृत्ती म्हटलं गेलं आणि ती डिसेंबर २००९ मध्ये आली, तिसरीनंतर बरोबर दहा वर्षांनी. चौथा क्रमांक रिकामाच राहिला.

हा निर्णय बरोबर होता का? वेगाचा मुद्दा तर काही आठवड्यांतच निकालात निघाला. त्याच ऑगस्टमध्ये फायरफॉक्सवाल्यांनी आपलं जावास्क्रिप्टचं ट्रेसिंग इंजिन दाखवलं, ज्यात टॅमरिनचा फक्त एक तुकडा उरला होता. २ सप्टेंबरला क्रोम आलं, व्ही८ हे स्वतःचं जावास्क्रिप्ट इंजिन घेऊन. टाइप न लिहिताही जावास्क्रिप्ट वेगात चालवता येते, हे दोघांनी सिद्ध केलं. नेमस्पेसचं प्रकरण किचकट होतं आणि ते गेलं त्याबद्दल मलाही दुःख नाही. पण मोठ्या ॲप्लिकेशनला टाइप लागतात, हा दुसरा मुद्दा कोणी खोडून काढला नाही. तो नुसता बाजूला ठेवला गेला. आणि एका रात्रीत ॲक्शनस्क्रिप्ट ३ ही उद्याच्या प्रमाणाची पहिली आवृत्ती न राहता एका कंपनीची खासगी बोली झाली. फ्लेक्स संपल्याची तारीख मला कोणी विचारली तर मी हीच सांगतो. तेव्हा तसं जाणवलं नाही, कारण कामं जोरात होती. फेब्रुवारी २००८ मध्ये फ्लेक्स ३ आणि ब्राउझरबाहेर डेस्कटॉपवर ॲप्लिकेशन चालवणारं एआयआर नुकतेच आले होते आणि एसडीके मुक्त स्रोत झाली होती.

नंतरचं बहुतेकांना माहीत आहे. २९ एप्रिल २०१० ला आयफोनवर फ्लॅश का नाही याचं जाहीर पत्र निघालं. ९ नोव्हेंबर २०११ ला मोबाइल ब्राउझरसाठीचा प्लेअर बंद करत असल्याची घोषणा झाली आणि त्याच आठवड्यात फ्लेक्स एका मुक्त स्रोत प्रतिष्ठानच्या ओटीत घालण्यात आलं. बंगल्याला ‘विकणे आहे’ची पाटी लागल्यावर आतल्या भाडेकरूची होते तशी आमची गत. ज्या टीमने महिनाभर आधी क्लायंटला पाच वर्षांचा आराखडा दाखवला होता, ती सोमवारी बॅकबोन या जावास्क्रिप्ट लायब्ररीचे धडे वाचत बसली. सिल्व्हरलाइटचंही निराळं झालं नाही. त्याची पाचवी आवृत्ती डिसेंबर २०११ मध्ये आली आणि तीच शेवटची ठरली.

आणि मग बाद झालेल्या गोष्टी एकेक करून परतू लागल्या. ऑक्टोबर २०१२ मध्ये टाइपस्क्रिप्ट आली. ती काढणारी कंपनी म्हणजे ‘छोटी भर’वाल्यांतली तीच, सिल्व्हरलाइटवाली. अँग्युलर या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कच्या मंडळींनी दुसऱ्या आवृत्तीसाठी एटस्क्रिप्ट नावाची स्वतःची टाइपवाली बोली काढायला घेतली होती. मार्च २०१५ मध्ये तो नाद सोडून त्यांनी टाइपस्क्रिप्टच घेतली. जावास्क्रिप्टच्या जून २०१५ च्या सहाव्या आवृत्तीत क्लास आले, ऑगस्ट २००८ मध्ये ठरलं होतं तसेच, मुलामा म्हणून. टॅगचंही तसंच. कोडमध्ये थेट एक्सएमएल लिहिण्याची ई४एक्स ही सोय २००४ मध्ये वेगळं प्रमाण म्हणून मंजूर झाली होती. ॲक्शनस्क्रिप्ट ३ मध्ये ती होती, फायरफॉक्समध्येही होती. मे २०१३ च्या फायरफॉक्स २१ मधून ती काढून टाकली गेली. त्याच महिन्याच्या अखेरीस रिअॅक्ट नावाची लायब्ररी एका परिषदेत जाहीर झाली, आणि जावास्क्रिप्टमध्ये टॅग बघून सभागृहासकट सगळ्यांनी नाकं मुरडली. जेएसएक्स, म्हणजे तिची ही टॅग लिहायची पद्धत, आणि ई४एक्स आतून एक नाहीत, पण नाक मुरडणाऱ्यांना हा फरक ठाऊक होता असं मला वाटत नाही.

फ्लॅश प्लेअरची मुदत ३१ डिसेंबर २०२० ला संपली आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्याने स्वतःच काही चालवायचं नाकारलं. फ्लेक्समधून २०१७ मध्ये फुटून निघालेल्या रॉयल या प्रकल्पात एमएक्सएमएल आणि ॲक्शनस्क्रिप्ट ३ आजही लिहिता येते. कंपायलर त्यातून जावास्क्रिप्ट काढून देतो.

कोलन मात्र जिथून हाकलला गेला तिथे पुन्हा जाऊन उभा राहिला आहे. मार्च २०२२ मध्ये त्याच समितीपुढे प्रस्ताव आला की जावास्क्रिप्टमध्ये व्हेरिएबलच्या नावापुढे कोलन देऊन टाइप लिहू द्यावा. समितीने तो पहिल्या टप्प्यावर दाखल करून घेतला. या वेळची मागणी अगदी नम्र आहे. ब्राउझरने त्या टाइपचं काहीही करू नये, कॉमेंट समजून पुढे जावं.