पिकअप ट्रकने ट्रॅव्हल ट्रेलर ओढणे

उत्तर अमेरिकेत, मुख्यतः अमेरिका आणि कॅनडात, राहायची सोय असलेला बिनइंजिनाचा ट्रेलर पिकअपमागे जोडून फिरायला न्यायची पद्धत. ट्रेलरच्या पुढचा त्रिकोणी सांगाडा (टंग) पिकअपच्या मागच्या बॉलवर म्हणजे लोखंडी गोळ्यावर बसतो तेव्हा तो साधा ट्रॅव्हल ट्रेलर, आणि ज्याची पिन पिकअपच्या हौद्यात, मागच्या ॲक्सलच्या वर बसवलेल्या प्लेटमध्ये अडकते तो फिफ्थ व्हील. ही नोंद मुख्यतः पहिल्या प्रकाराची आहे कारण तांत्रिक भानगडी त्यातच जास्त आहेत. ब्रिटन आणि युरोपात अशाच ट्रेलरला कॅराव्हॅन म्हणतात पण तिथे तो बहुधा कारनेच ओढतात आणि वजनाचे आकडेही वेगळे आहेत, त्यामुळे दोन्हीकडची माहिती एकत्र वाचणाऱ्याचा हमखास गोंधळ होतो, त्याबद्दल पुढे येईलच.

उगम : पहिला ट्रॅव्हल ट्रेलर कुठला ह्यावर एकमत नाही. ब्रिटिश मंडळी १८८५ च्या सुमारास विल्यम गॉर्डन स्टेबल्स ह्या स्कॉटिश डॉक्टर-लेखकाने ब्रिस्टलच्या कारखान्यातून बनवून घेतलेल्या 'द वाँडरर' पासून सुरुवात धरतात, ती निव्वळ हौसेच्या प्रवासासाठी बनवलेली होती हे खरं, पण ओढायला घोडे होते. अमेरिकेत १९१३ चा अर्ल ट्रेलर पुढे केला जातो, तो इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टच्या आरव्ही (राहायची सोय असलेल्या गाड्यांच्या) संग्रहालयात ठेवलेला आहे आणि तंबूवाले प्रकार सोडले तर टणक भिंतींचा सगळ्यात जुना ट्रेलर म्हणून दाखवला जातो. आता आज शिल्लक असलेल्यांत सगळ्यात जुना म्हणजे त्या काळी पहिला बनलेला असं काही सिद्ध होत नाही, त्याच वर्षांत घरच्या घरी फळ्या ठोकून ट्रेलर बनवणारे इतरही असणारच. तिसरी बाजू विमानवाले ग्लेन कर्टिस ह्यांची. त्यांनी १९१० च्या दशकाच्या शेवटी सावत्र भावाबरोबर एक फिरता बंगला बनवला आणि १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात एअरोकार नावाने ट्रेलर विकायला काढले, त्यात ओढणाऱ्या गाडीच्या मागच्या भागात विमानाचा टायर आडवा बसवून त्यात ट्रेलरची पिन अडकवलेली असायची म्हणजे झटके टायर खाऊन टाकायचा. फिफ्थ व्हीलचा पूर्वज म्हणून एअरोकारचं नाव घेतात ते योग्यच वाटतं, साध्या बॉलवाल्या ट्रेलरचा मात्र त्याच्याशी फारसा संबंध नाही. इथे प्रश्न मोटारीने ओढण्याचा आहे म्हणून घोडागाड्या बाजूला ठेवून १९१० चं दशक धरणं जास्त सयुक्तिक.

पुढचा इतिहास बराच स्पष्ट आहे. १९१९ मध्ये फ्लोरिडातल्या टॅम्पा इथे टिन कॅन टूरिस्ट्स ही गाडीने मुक्काम करत फिरणाऱ्यांची संघटना झाली, डेट्रॉइटजवळ आर्थर शर्मन नावाच्या जीवाणुशास्त्रज्ञाने कव्हर्ड वॅगन कंपनी काढली आणि ती १९३० च्या दशकात देशातली मोठी ट्रेलर कंपनी झाली. एकट्याने अटलांटिक ओलांडणाऱ्या लिंडबर्गच्या 'स्पिरिट ऑफ सेंट लुईस' विमानाच्या बांधणीवर देखरेख केलेल्या हॉली बोलस ह्यांनी १९३४ मध्ये रिव्हेट ठोकलेल्या ॲल्युमिनियमचा रोड चीफ आणला, आणि वॉली बायम ह्यांच्या एअरस्ट्रीम कंपनीचा क्लिपर १९३६ चा. हे सगळे ट्रेलर ओढायला होत्या त्या सेडान आणि कूपे गाड्या, पिकअप नव्हे.

मग पिकअप कधी आला? फोर्डने कारखान्यातूनच पिकअप बॉडी लावलेली मॉडेल टी १९२५ मध्ये विकायला काढली खरी पण ती शेतातल्या आणि दुकानाच्या कामाची गाडी, तिच्यामागे सुट्टीचं घर जोडायचं कुणाच्या फारसं मनात नव्हतं. एक मत असं की १९७० च्या दशकातल्या तेलटंचाईनंतर आणि इंधन-बचतीच्या सरकारी नियमांनंतर मोठ्या अमेरिकन सेडान लहान आणि हलक्या होत गेल्या, वेगळी चॅसी असलेली कार बाजारातून जवळजवळ संपली, आणि ट्रेलरवाल्यांना पिकअपशिवाय पर्याय उरला नाही. दुसरं मत बदल त्याआधीच सुरू झाला असं मानतं, आणि त्यासाठी १९५९-६० मधल्या बायम ह्यांच्या केप टाउन ते कैरो तांड्याचा दाखला देतात, त्या तांड्यात ४१ एअरस्ट्रीम होते आणि पुढे पिकअप किंवा ट्रकच्या चॅसीवरच्या गाड्या बऱ्याच होत्या. पण आफ्रिकेतल्या चिखलाच्या रस्त्यांसाठी निवडलेली गाडी आणि ओहायोतल्या कुटुंबाने दारात उभी केलेली गाडी ह्यांत फरक केला पाहिजे, त्यामुळे सर्वसामान्य चलनासाठी १९७० चं दशक आणि त्यानंतरचा काळच जास्त पटतो. डिझेलच्या बाबतीत मात्र सालाबद्दल वाद नाही, १९८९ च्या डॉज रॅममध्ये कमिन्सचं टर्बो डिझेल आलं आणि जड ट्रेलरवाल्यांचं गणितच बदललं, मग फोर्डचं पॉवरस्ट्रोक आणि जनरल मोटर्सचं ड्युरामॅक्स त्याच वाटेने आले.

वजन : ह्या विषयात सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत आणि ते महाग पडतात, कधी जिवावर बेततात, म्हणून इथे जरा सविस्तर. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो तो टो रेटिंगचा आकडा, म्हणजे ट्रक किती वजनाचा ट्रेलर ओढू शकतो. २००८ पर्यंत प्रत्येक कंपनी हा आकडा आपापल्या पद्धतीने काढायची, त्या वर्षी एसएई ह्या अभियंत्यांच्या संस्थेने जे२८०७ हे मानक प्रसिद्ध केलं. टोयोटाने ते २०११ च्या मॉडेलपासून लावलं, बाकीच्या मोठ्या कंपन्या २०१५ च्या सुमारास आल्या. ह्या चाचणीतला प्रसिद्ध भाग ॲरिझोनातला डेव्हिस डॅमचा घाट, ११.४ मैलांची चढण, बाहेर निदान १०० अंश फॅरेनहाइट तापमान, एसी चालू, आणि मागे चारऐवजी दोनच चाकं असलेल्या पिकअपने रेटिंगएवढ्या वजनाच्या ट्रेलरसकट ताशी ४० मैलांच्या खाली यायचं नाही. शिवाय शून्य ते ६० मैल वेग ३० सेकंदांत, १२ टक्के चढावर थांबून पुन्हा निघणं, पुढे आणि रिव्हर्समध्येही, अशा बऱ्याच अटी आहेत. २०१२ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये टोयोटा टंड्राने एंडेव्हर अवकाशयान पुलावरून ओढत नेलं त्याचे फोटो अजून फिरतात, पण सपाट रस्त्यावर मुंगीच्या वेगाने ओढणं आणि घाटात ओढणं ह्यांचा काही मेळ नाही, त्या फोटोवरून ट्रक निवडू नये.

खरी अडचण अशी की टो रेटिंग संपायच्या आधी पेलोड संपतं. पेलोड म्हणजे ट्रकच्या अंगावर येणारं सगळं वजन, माणसं, हौद्यातलं सामान आणि ट्रेलरची टंग बॉलवर दाबते तेही. ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर छापलेलं असतं आणि त्या विशिष्ट ट्रकचं असतं, माहितीपत्रकातला आकडा नव्हे, कारण सनरूफ, मोठ्या सीट, फोर बाय फोर असं जे जे वाढेल तेवढं पेलोड कमी होतं. समजा भरलेला ट्रेलर ७,००० पौंड म्हणजे सुमारे ३,१७५ किलो. टंग वेट, म्हणजे टंगने बॉलवर टाकलेलं वजन, ट्रेलरच्या १३ टक्के धरलं तर ९१० पौंड, हिचचं म्हणजे जोडणीचं लोखंड १००, चौघं माणसं ६००, हौद्यात जनरेटर-लाकडं-सायकली मिळून २५०, बेरीज १,८६० पौंड. आणि चांगल्या सजवलेल्या हाफ-टन (मोठ्या पिकअपमधल्या सगळ्यात हलक्या वर्गातल्या) ट्रकचं पेलोड पुष्कळदा १,४०० ते १,७०० च्या दरम्यान असतं. म्हणजे टो रेटिंग १०,००० च्या वर असूनही तो ट्रक ७,००० च्या ट्रेलरला कमी पडला. ट्रक विकणारा हे बहुतेक वेळा सांगत नाही, आणि ट्रेलर विकणारा रिकाम्या ट्रेलरचं वजन सांगतो ज्यात पाणी, गॅस, भांडीकुंडी काहीच नसतं. विकत घेण्याआधी हा हिशोब कागदावर मांडणं आणि घेतल्यावर हायवेवरच्या ट्रक-स्टॉपमधल्या कॅट स्केलवर, १९७७ पासूनची ही काट्यांची साखळी आहे, पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलर असं वेगवेगळं वजन करून घेणं ह्याला पर्याय नाही.

टंग वेट : अमेरिकेतला संकेत ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के, फिफ्थ व्हीलला साधारण १५ ते २५. ब्रिटनमध्ये मात्र ५ ते ७ टक्के सांगतात आणि तिथल्या बॉलची मर्यादा पुष्कळदा १०० किलोच्या आतच असते. ह्यावरून कोण बरोबर असा वाद कायम चालतो. काही जण म्हणतात की अमेरिकन आकडा जुन्या, मागे जड असलेल्या ट्रेलरवरून आला, काही जण वेगाकडे बोट दाखवतात, जर्मनीत कॅराव्हॅनला ताशी ८० किमी, खास परवानगी असेल तर १००, उलट अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत ट्रेलरला वेगळी मर्यादाच नाही आणि लोक ७० मैलांनी म्हणजे ११० किमीच्या वर जातात. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठातल्या प्रयोगांत असं दिसलं की ट्रेलरचं एकूण वजन एकट्याने फारसा फरक पाडत नाही, ते वजन कुठे ठेवलंय, टंगवर किती येतं आणि ॲक्सल कुठे आहे ह्याचा परिणाम जास्त असतो. ह्यावरून दोन्ही संकेत आपापल्या वेगाला आणि रचनेला धरून आहेत असं मानणं बरं, अमेरिकेच्या हायवेवर मात्र १० च्या खाली जाऊ नये.

स्वे म्हणजे ट्रेलर डावी-उजवीकडे डोलायला लागणं, आणि त्यामागचं गणित असं की वेग वाढेल तसं हे डोलणं आपोआप शांत व्हायची क्षमता घटते आणि एका ठराविक वेगाच्या वर ते शांत न होता स्वतःच वाढत जातं. मोठा ट्रेलर-ट्रक शेजारून गेला की त्याच्या हवेचा आधी धक्का आणि मग ओढ बसते, तिथून सुरुवात होते. टंग वेट बरोबर असूनही पुढच्या टोकाला बॅटऱ्या आणि मागच्या टोकाला सायकलींचा रॅक असं दोन्हीकडे वजन लटकवलं तर स्वे होऊ शकतो, हे पुष्कळांना पटत नाही पण भौतिकशास्त्र तसंच आहे. पाण्याची टाकीही लक्षात घ्यावी, ४० गॅलन पाणी म्हणजे सुमारे ३३० पौंड, आणि टाकी ॲक्सलच्या मागे असेल तर ती भरल्यावर टंग हलकी होते. स्वे सुरू झाल्यावर ट्रकचा ब्रेक जोरात दाबू नये, स्टिअरिंगने उलट झुंजू नये, ॲक्सिलरेटर सोडून ब्रेक कंट्रोलरच्या (ट्रकमध्ये बसून ट्रेलरचे ब्रेक लावायचं यंत्र) हाताने दाबायच्या बटणाने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे, म्हणजे ट्रेलर मागून ताणला जाऊन सरळ होतो.

वेट डिस्ट्रिब्यूशन हिच : टंग बॉलवर दाबते तेव्हा ट्रकचं मागचं ॲक्सल टेकू होतं आणि पुढची चाकं हलकी होतात, उसाची ट्रॉली जड झाल्यावर ट्रॅक्टर तोंड वर करतो तसंच. बॉल मागच्या ॲक्सलपासून ६५ इंच मागे आणि व्हीलबेस १४५ इंच धरला तर ९१० पौंडाने पुढून सुमारे ४०८ पौंड उचलले जातात आणि मागच्या ॲक्सलवर १,३१८ पडतात. ह्यावर उपाय म्हणून स्प्रिंगच्या पट्ट्या ट्रेलरच्या सांगाड्याला साखळीने किंवा ब्रॅकेटने ताणून लावतात, त्या तरफेसारख्या काम करून काही वजन पुढच्या ॲक्सलवर आणि काही ट्रेलरच्या ॲक्सलवर परत नेतात. हे तंत्र १९५० च्या दशकापासून पसरलं असं साधारण धरतात. आधी सल्ला असा असायचा की पुढच्या मडगार्डची उंची ट्रेलर नसतानाच्या पातळीवर पूर्ण आणावी, अलीकडे फोर्ड एफ-१५० च्या मॅन्युअलमध्ये फरकाचा अर्धाच भरून काढा असं सांगितलंय, कारण मागचं ॲक्सल गरजेपेक्षा हलकं झालं तर आणीबाणीच्या वळणात ट्रकची मागची बाजू घसरू शकते. आपल्या ट्रकचं मॅन्युअल काय म्हणतं तेच धरावं, शेजाऱ्याचं नाही. स्वे रोखायला घर्षणाच्या पट्ट्या असतात आणि हेन्स्ली पद्धतीच्या चार सांध्यांच्या जोडण्याही, दुसऱ्या बऱ्याच महाग पण परिणामकारक मानल्या जातात. चांगली हिच म्हणजे चुकीच्या वजनावरचा इलाज नव्हे, आणि हिचने टो रेटिंग किंवा पेलोड वाढत नाही.

ब्रेक : ट्रेलरला बहुतेक विजेचे ड्रम ब्रेक असतात, चुंबक ड्रमला चिकटून शू ढकलतो, वीज सात पिनांच्या कनेक्टरमधून येते. कंट्रोलर दोन प्रकारचे, ठराविक वेळाने जोर वाढवणारा आणि गाडी किती मंदावते ते ओळखून त्या प्रमाणात जोर देणारा, दुसराच घ्यावा. ट्रेलर तुटून सुटला तर ब्रेकअवे स्विचची दोरी खेचली जाऊन बॅटरीवर ब्रेक लागतात, सेफ्टी चेन टंगखाली एकमेकींवरून फुलीसारख्या लावतात म्हणजे टंग जमिनीवर आपटायच्या आधी झेलली जाते. घाटात उतरताना ब्रेक तापवत बसण्यापेक्षा टो-हॉल मोड (ओझं ओढताना गिअर बदलायची खास पद्धत) लावून खालचा गिअर ठेवणं हाच मार्ग, कोलोरॅडोत आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांवर आहे आणि तिथून पश्चिमेला सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना सुटलेल्या ट्रकांसाठी वाळू-खडीचे रॅम्प उगाच बांधलेले नाहीत. टर्बो नसलेलं इंजिन दर १,००० फुटांना साधारण ३ टक्के ताकद गमावतं हेही त्या चढणीवर कळतं.

टायर एसटी म्हणजे खास ट्रेलरसाठीच्या जातीचे, त्यातले बरेच ताशी ६५ मैलांपर्यंतच चालवायचे, हवा टायरवर लिहिलेली पूर्ण. चाकाचे नट पहिल्या ५०-१०० मैलांनंतर पुन्हा आवळावे. रिव्हर्सला हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरून ट्रेलर जिकडे हवा तिकडे हात न्यायचा, बाकी सरावाने येतं.

विजेच्या पिकअपबद्दल चाचण्यांतून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते, मोठा ट्रेलर जोडला की रेंज जवळपास निम्म्यावर येते, आणि ह्याचं कारण वजनापेक्षा समोरून येणारी हवा आहे. पेट्रोल-डिझेलचं मायलेजही तसंच पडतं, फक्त टाकी पाच मिनिटांत भरते म्हणून जाणवत नाही. बरेच चार्जर असेही आहेत की ट्रेलर सोडल्याशिवाय गाडी लावताच येत नाही.

कायदे राज्याराज्यात वेगळे. ट्रेलरला ब्रेक हवेत ही मर्यादा पुष्कळ ठिकाणी ३,००० पौंड, कॅलिफोर्नियात १,५००, तिथेच ट्रेलर ओढताना वेग ५५ मैल आणि १०,००० पौंडांच्या वरच्या ट्रॅव्हल ट्रेलरला वेगळं लायसन्स. बाल्टिमोरच्या बोगद्यांतून प्रोपेनचे सिलिंडर न्यायला निर्बंध आहेत, रस्ता ठरवताना बघून घ्यावं. महाराष्ट्रात २०२१ मध्ये राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं, पण रस्त्यावर दिसतात त्या मुख्यतः स्वतःचं इंजिन असलेल्या कॅराव्हॅन, पिकअपमागे ट्रेलर जोडून फिरणारे तुरळक.