येऊरला मुलांसोबत जाताना बंदूक? आधी हे वाचा

ठाण्यात एक गोष्ट वर्षानुवर्षं फिरतेय की लायसन्स असलं की येऊरच्या जंगलात बंदूक नेता येते, बिबट्या आला तर पोरं सेफ. साफ चूक. येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग, आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम ३१ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकाची लेखी परवानगी नसेल तर हत्यार घेऊन आत जाताच येत नाही, तुमचं लायसन्स कितीही पक्कं असो. कर्नाळ्यालाही तेच.

मग लोक म्हणतात, अहो पण स्वसंरक्षण? आहे ना, कलम ११ मध्ये, पण तिथेच पुढे लिहिलंय की त्या वेळी तुम्ही स्वतःच हा कायदा मोडत असाल तर ती सूट मिळत नाही, म्हणजे बंदूक लपवून नेली की बचावच गेला (हे पुढचं वाक्य कोणी फॉरवर्ड करत नाही!).

आणि अंधारात, तंबूत झोपलेली पोरं बाजूला, गोळी कुठे जाणार? बिबट्या बहुतेकदा कुत्र्यांच्या मागे येतो, म्हणून उष्टंखरकटं टाकू नका, लहानांना एकटं झाडीत बसवू नका, टॉर्च ठेवा, दिसला तर पळू नका. वनविभागाची हेल्पलाइन १९२६.