उन्हात उभ्या गाडीचं तापणं

काचा बंद करून गाडी उन्हात लावली की आतली हवा, सीट, डॅशबोर्ड सगळं बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं, यालाच लोक 'गाडीची भट्टी झाली' म्हणतात. रत्नागिरी, मालवण, हर्णै या बाजूला मे महिन्यातही पारा साधारण ३२-३३ अंशांवरच असतो, विदर्भासारखा ४५ ला जात नाही, वर दुपारी खारा वारा सुटलेला असतो, म्हणून आपल्याकडे तेवढी भीती नाही असं बऱ्याच जणांना वाटतं. हा समज घातक आहे. गाडी हवेने नाही, उन्हाने तापते, आणि या पट्ट्यात तर मेच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य अगदी डोक्यावर येतो.

आत नेमकं काय होतं यावर मतभेद जुना आहे. शाळेत शिकवतात ते असं की ऊन काचेतून आत येतं, पण तापलेल्या वस्तूंमधून निघणारी लांब तरंगांची उष्णता काचेतून बाहेर पडत नाही. स्वित्झर्लंडच्या द सोस्यूर यांनी १७६७ च्या सुमारास काचेच्या पेट्या उन्हात ठेवून पाहिल्या होत्या, पुढे पेटीला नीट आवरण दिल्यावर आतलं तापमान पाणी उकळण्याच्या वर गेलं. मग १९०९ साली अमेरिकेच्या आर. डब्ल्यू. वुड यांनी एका पेटीवर काच आणि दुसरीवर सैंधव मिठाची पातळ लादी बसवली, मिठातून ती उष्णता आरपार जाते, तरी दोन्ही पेट्या जवळपास सारख्याच म्हणजे ५५ अंशांच्या आसपास तापल्या. म्हणजे काच उष्णता अडवते यापेक्षा तापलेली हवा कोंडून राहते हे महत्त्वाचं, असं त्यांचं म्हणणं. सूर्याच्या उष्णतेचे अमेरिकन अभ्यासक चार्ल्स ॲबट यांना ते पटलं नाही. दोन्ही गोष्टी घडतात हे खरंच, पण गाडीपुरतं बोलायचं तर हवा कोंडण्याचा वाटा मोठा धरणं जास्त योग्य वाटतं.

बाहेर २२ ते ३६ अंश असताना कॅलिफोर्नियात घेतलेल्या मोजमापांत (२००५) तासाभरात आतलं तापमान सरासरी २२ अंशांनी वाढलं, त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच, आणि काच थोडी खाली ठेवून फारसा फरक पडला नाही कारण बोटभर फटीतून हवा खेळत नाही. म्हणजे आपल्या ३३ चे ५५ होतात. ॲरिझोनात (२०१८) तासाभर उन्हात डॅशबोर्ड सरासरी ६९ अंशांवर गेला, सावलीतल्या गाडीत ४८. लहान मुलाचं अंग मोठ्यापेक्षा तीन ते पाच पट लवकर तापतं, त्यामुळे 'पाच मिनिटांत मासळी घेऊन येतो' म्हणून झोपलेल्या पोराला गाडीत ठेवून जाणं कधीच नको.

सावली शोधणं इथे सोपं नाही. सड्यावर, म्हणजे कोकणातल्या उघड्या कातळी माळावर, झाड नसतं, जांभ्याचा कातळ खालून तापतो, माडाची सावली विरळ आणि नारळ पडला की काच गेलीच, फणसाखालीही तेच. आंबा किंवा काजूची दाट सावली बरी, चीक नि पक्ष्यांची घाण धुऊन निघते. रुपेरी गाडी काळ्यापेक्षा आतून ५-६ अंशांनी थंड राहते. काचांना काळी फिल्म लावायला सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली मनाई केली, त्यामुळे पुढच्या काचेला आतून चंदेरी पडदा लावतात. बसण्याआधी एका बाजूची काच उतरवून पलीकडच्या बाजूचं दार पाच-सहा वेळा उघडमीट करतात, कोंडलेली हवा निघून जाते, मग एसी.