६५५३६ : एकच नंबर, दोन अर्थ

परवा नागपुरात बर्डीवर तर्री पोहे खाता खाता भाच्यानं रडगाणं लावलं. लॅपटॉपवर मस्त चालणारा त्याचा फोल्डर वाचायचा छोटासा सी प्रोग्राम रास्पबेरी पायवर (आर्म प्रोसेसरचा तळहाताएवढा कॉम्प्युटर) "इन्व्हॅलिड अर्ग्युमेंट" म्हणून मरतो, आणि तोही पायवरच नव्याने कंपाईल करून, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरवून! "मामा, दोन्हीकडे लिनक्सच आहे ना, मग काहून?" मित्र म्हणे पायचं मेमरी कार्ड फॉरमॅट कर. हे म्हणजे लिंबू-मिरची बांधण्यासारखंच झालं.

कोड बघितला तर पठ्ठ्याने फाईल उघडताना ६५५३६ हा आकडा हाताने टाकला होता. आता गंमत अशी की इंटेल-एएमडीच्या लिनक्सवर ६५५३६ म्हणजे "फोल्डर असेल तरच उघड" आणि १६३८४ म्हणजे "कॅशे (मेमरीतली तात्पुरती प्रत) टाळून थेट डिस्कवरून वाच", आणि आर्मवर हे दोन्ही बरोब्बर उलटे! म्हणजे पायला ऐकू आलं की फोल्डर थेट डिस्कवरून वाच, त्याने साफ नाही म्हटलं.

म्हणून तर हेडर फाईल असते, तुम्ही नाव लिहायचं, नंबर ती देते. पण कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, प्रोसेसरचे प्रकार डझनभराच्या वर, प्रत्येकाला सगळे नंबर वेगळे लिहून दिले तर एक दुरुस्ती वीस जागी करा. म्हणून सामायिक गोष्टी 'एएसएम-जेनेरिक' नावाच्या फोल्डरात असतात, आणि आर्मची फाईल मला भारी आवडते, ती आपले वेगळे चारच नंबर लिहिते आणि शेवटच्या ओळीत जेनेरिक फाईल आत ओढते. जेनेरिकमध्ये या नावांआधी 'इफ-नॉट-डिफाईन्ड' असतं, म्हणजे आधी कोणी नंबर दिला असेल तर मी गप्प. क्रम उलटा केला की एकाच नावाला दोन नंबर, या युक्तीचा उपयोगच संपला. ज्या प्रोसेसरला वेगळं काहीच सांगायचं नाही त्याच्यासाठी बिल्ड (कर्नल कंपाईल करणारी यंत्रणा) स्वतःच एका ओळीची फाईल तयार करतं, "जेनेरिक बघ" एवढंच लिहिलेली.

२००८ पर्यंत तर अजून मजा, सगळ्या प्रोसेसरांची हेडर एकाच 'इन्क्लूड' फोल्डरात शेजारी शेजारी आणि 'एएसएम' ही नुसती सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फोल्डराकडे बोट दाखवणारी पाटी, आज आर्मकडे, उद्या इंटेलकडे. प्रोसेसर बदलला आणि जुनी लिंक तशीच राहिली की बिल्ड अडलंच, "आधी सगळं साफ कर" हा मंत्र काही उगाच नव्हता. मग हेडर ज्याच्या त्याच्या 'आर्च' फोल्डरात गेली. २०१२ मध्ये बाहेरच्या प्रोग्रामांना दिसणारा भाग 'यूएपीआय' म्हणून वेगळा काढला.

भाच्याने आकडा खोडून 'ओ_डिरेक्टरी' हे "फोल्डर असेल तरच" वालं नाव लिहिलं, कार्ड काही फॉरमॅट करावं लागलं नाही. पोह्याचे पैसे मात्र मीच दिले.